मागच्या गल्लीकडची खोली

सकाळी सहाला मी बाबांना गॅरेजमधल्या सायकलच्या हुकावरून खाली काढलं आणि आम्ही विमानतळाकडे निघालो.

हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण झालं ते असंच. अस्थी घरात आणायच्या नसतात, बाहेर झाडाला टांगून ठेवायच्या, हे मला लहानपणापासून माहीत. पण शिकागोजवळच्या आमच्या गावात घरापुढच्या झाडाला पिशवी टांगली असती, तर समोरच्या बाईंनी पोलीस बोलावले असते. म्हणून गॅरेज. ते घराला चिकटलेलं आहे, पण तिथे कुणी राहत नाही आणि चूल पेटत नाही, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला. पाच आठवडे बाबा तिथे होते. बाहेर बर्फ होता. एका रविवारी मला राहवलं नाही आणि मी त्या पिशवीभोवती त्यांची तपकिरी शाल गुंडाळून आले. नवऱ्याने ते पाहिलं आणि गॅरेजचं दार लोटून घेतलं.

तिकडची आणखी एक तऱ्हा आहे. आपल्याकडे मूठभर अस्थी मडक्यात घालून देतात. तिकडे सगळाच माणूस देतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पेटीत, वर लेबल. ती पेटी मी खांद्याला लावायच्या एका कापडी पिशवीत घातली होती. उचलली तेव्हा माझा खांदा कलला. नुकतं जन्मलेलं बाळ हातात घ्यावं एवढं ते वजन होतं, आणि दिवसभर मी त्याला तसंच सांभाळत होते.

बाबा मूळचे नांदेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरीसाठी तरुणपणी हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्यात दोन खोल्यांचं छोटं घर बांधून तिथेच मुरले. आमच्याशी मराठी, शेजारच्या बाईंशी तेलुगू, आणि भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत बाकी सगळ्यांशी दखनी. अंगणात एक पेरूचं झाड होतं. बाबा पेरूला जामच म्हणत. आई गेली तेव्हा तिच्या अस्थींचं मडकं त्यांनी त्या झाडाच्या फांदीला टांगलं आणि तीन रात्री खाट ओढून त्याच्याखाली झोपले. डास फोडून काढत होते, तरी उठले नाहीत. चौथ्या दिवशी बासरला गोदावरीवर जाताना फांदीवर हात ठेवून मला म्हणाले, "मला पण इथंच टांग. दुसरीकडं नक्को."

मी हो म्हणाले होते. तेव्हा हो म्हणायला काय जातं?

मी एकुलती एक. आईनंतर त्यांना माझ्याकडे नेलं आणि घर भाड्याने दिलं. भाडेकरूशी करार करायला मला वरचेवर येता येईना, म्हणून त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं. कागद न वाचता कधीही सही न करणारा माणूस, पण माझ्या कागदावर चष्मा न लावता सही केली. दोन वर्षांनी त्याच कागदाच्या जोरावर मी ते घर विकलं. भाडेकरू सोडून गेला होता, छत गळत होतं, एक बिल्डर सारखा फोन करत होता, आणि मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. यातलं एकही कारण खोटं नाही. पण मी बाबांना सांगितलं नाही, हे त्या सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे.

सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. ते रोज सकाळी चहा पिता पिता विचारायचे, "भाडेकरू जामाला पाणी घालतो का गं?" आणि मी "घालतो ना" म्हणायचे. नसलेल्या भाडेकरूच्या हाताने मी कित्येक महिने त्या झाडाला पाणी घातलं.

मग ऑगस्टमध्ये मी दोघांची जानेवारीची तिकिटं काढली. मनाशी ठरवलं, तिथे गेल्यावर, त्या गल्लीत उभं राहून, समोरासमोर सांगायचं. राहायला बरकतपुऱ्यातलंच एक साधं हॉटेल बघितलं. "घराला रंग चाललाय, वासाने तुम्हाला खोकला होईल," अशी थाप मारली. त्यांनी विमानाचा आणि हॉटेलचा, दोन्ही कागद छापून मागितले, कारण फोनवरच्या अक्षरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते कागद त्यांच्या उशाशी होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जामाचं विचारणं बंद केलं.

मला वाटलं, विसरायला लागले. खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. नंतर त्यांचे कपडे आवरताना बरकतपुऱ्याच्या घराची किल्ली सापडेना. ती कायम त्यांच्या स्वेटरच्या खिशात असायची, चाचपून बघायचे अधूनमधून. शेवटी ती माझ्याच टेबलाच्या खणात निघाली. मीच कधीतरी तिथे टाकली असेल, असं म्हणून मी खण लावून घेतला.

तर त्यांचं तिकीट रद्द केलं आणि माझं तेच ठेवलं. त्यात मी एक मूर्खपणा केला. तिकिटं काढताना त्यांना खिडकी आणि मला मधली सीट घेतली होती. बाबांना खिडकीच लागायची. खाली ढगांशिवाय काही दिसत नसलं तरी नाक काचेला लावून बसायचे. आता ती सीट रिकामी झाल्यावर मी तिकडे सरकू शकले असते. दोनदा फोन हातात घेतला, पण बोट पुढे जाईना. मधल्या सीटवरच राहिले आणि खिडकीशी एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. त्यांनी बसल्या बसल्या पडदा खाली ओढला आणि तोंड उघडं टाकून झोपले. त्या माणसाचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष होता?

त्याआधी सुरक्षा तपासणीत पिशवी पट्ट्यावरून आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्याकडे बघणाऱ्या बाईने मान पुढे केली. मी दहनाचं प्रमाणपत्र हातात धरूनच उभी होते. ती म्हणाली, "तुमचे कोण?" मी म्हणाले, "वडील." तिने पट्टा इतका हळू सोडला, की मागचे लोक चुळबुळ करायला लागले. पडद्यावर तिला काय दिसलं असेल, याचा विचार मी पुढचे कित्येक तास करत राहिले.

विमानात प्रश्न आला तो पिशवी ठेवायची कुठे हा. मांडीवर चालणार नाही, हवाई सुंदरी गोड हसून म्हणाली, पुढच्या सीटखाली ठेवा. पुढच्या सीटखाली म्हणजे माझ्या पायाशी! चुकून पाय लागला तरी हात जोडून नमस्कार करायची आम्हाला सवय, आणि तेरा तास बाबा माझ्या बुटांशी. मी नको म्हणाले. मग वरच्या कप्प्यात ठेवली. डोक्याच्या वर, हे बरं झालं असं वाटतंय तोवर एकाने आपली बॅग तिच्यावर रेटली. मी उठले, त्याची बॅग बाजूला केली. दुसरा आला. मी परत उठले. तिसऱ्या वेळेला त्या सुंदरीचं हसू मावळलं होतं. मी तिच्या कानाशी जाऊन काय आहे ते सांगितलं. तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग सगळा कप्पा मोकळा केला आणि झाकण लावून त्यावर तळहात टेकवला. एका कप्प्यात एकटे बाबा. पाय पसरून बसायला मिळालं म्हणून खूश झाले असते.

दिवस कधी मावळला आणि परत कधी उजाडला ते कळलं नाही, कारण पडदा खालीच होता. डोळा लागला की वरच्या कप्प्यात कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज यायचा. विमान हललं की सामान हलतं, एवढी अक्कल मला आहे. तरी प्रत्येक वेळेला मी डोळे उघडून वर बघत होते. एकदा अगदी स्पष्ट ऐकलं, "भाडेकरू पाणी घालतो का गं?" आणि मी झोपेत "घालतो ना" म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण शेजारच्या गृहस्थांनी घोरणं थांबवलं.

विमान बदलायला आखातात उतरलो तेव्हा तिथे सकाळ होती. दारातून बाहेर पडले तर समोर एक माणूस व्हीलचेअर घेऊन उभा, हातात आमच्या आडनावाची पाटी. बाबांना लांब चालवत नव्हतं म्हणून ऑगस्टमध्ये मीच ती खुर्ची सांगून ठेवली होती. तिकीट रद्द झालं, खुर्ची रद्द करायची राहून गेली. माणूस चाळिशीचा असेल, करीमनगरकडचा निघाला. माझ्या मागे, बोगद्यात नजर टाकत त्याने तेलुगूत विचारलं, "नान्नगारू रालेदा अम्मा?" वडील आले नाहीत का, असं.

मला "नाही आले" म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "आलेत." आणि खांद्यावरची पिशवी दाखवली.

त्याने पिशवीकडे बघितलं, तिच्यावरच्या शालीकडे बघितलं. मग पाटी खाली घातली, खुर्चीचा ब्रेक लावला आणि बाजूला झाला. मी पिशवी खुर्चीत ठेवली. त्याने पट्टाही लावला. आम्ही त्या लांबच लांब चकचकीत दालनातून निघालो, तो ढकलतोय, मी बाजूने चालतेय, घड्याळांची दुकानं, अत्तरांची दुकानं, सोन्याची दुकानं, आणि लोक वाट देताहेत. त्यांना वाटत असेल, ही बाई रिकामी खुर्ची घेऊन का चालली आहे. लिफ्टमध्ये आरशात मला आम्ही तिघं दिसलो आणि मी पटकन मान खाली घातली. दुसऱ्या विमानाच्या दाराशी त्याने पिशवी दोन्ही हातांनी उचलून मला दिली. नंतर मात्र मी भिंतीला टेकूनच उभी राहिले. खुर्ची मलाच हवी होती खरं तर.

हैदराबादला उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. सामानाच्या पट्ट्याशी उभी असतानाच दिलसुखनगरच्या चुलतभावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तोच मला गाडीने बासरला नेणार होता.

"ताई, पोचली ना? बघ, तुझ्यासाठी घर आहेच. सीधी इकडं ये. पण ते... पिशवी घेऊन नक्को ना येऊ. आई फार परेशान होऊन राहिलीय. घरात कशा आणतात, म्हणते."

"मला माहितीय रे. माझं हॉटेल आहे."

"हॉटेलवाल्याला काही बोलू नक्को मग. लफडा होईल."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. काकूच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. पण टॅक्सीत बसल्यावर मला रडू यायला लागलं, ते रागाने की कशाने, सांगता येत नाही. या गावात बाबांनी अख्खं आयुष्य काढलं, आणि आज त्यांना टांगायला एक फांदी नव्हती. होती ती मी विकून बसले होते. सबंध रस्ताभर मी पिशवीवर हात ठेवून होते आणि मनात म्हणत होते, बाबा, बघू नका, बाहेर बघू नका. घर जवळ आल्यावर, नल्लकुंट्याच्या सिग्नलपासून तर मी शालीचं टोक पेटीच्या तोंडावर ओढून धरलं होतं. एखाद्या लहान मुलाचे डोळे झाकावेत तसं.

हॉटेल मोठ्या रस्त्यावर आहे. काउंटरवर साठीचे एक गृहस्थ होते, मेंदी लावलेली दाढी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझा पासपोर्ट बघितला, मग रजिस्टरमध्ये बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आइए, आइए. दो जने हैं ना? बड़े साब किधर हैं? गाड़ी में हैं क्या?"

मी म्हणाले, "साब नहीं आए."

"तबीयत ठीक नहीं क्या?"

खोटं बोलायची मला एव्हाना इतकी सवय झाली होती, की "हाँ, थोडा..." एवढं तोंडातून निघूनही गेलं. मग मात्र जीभ अडली. म्हणाले, "गुज़र गए." पाच आठवड्यांत कितीतरी जणांना सांगितलं होतं, इंग्रजीत, मराठीत. बाबांच्या बोलीत पहिल्यांदाच सांगत होते आणि ते गेल्याचं मला जणू तेव्हाच कळलं. आणि एकदा तोंड फुटल्यावर भावाने बजावलेलंही बाजूला राहिलं. पिशवीवर हात ठेवून मी म्हणाले, "ये उनके अस्थी हैं. आपको नहीं चलता होगा तो बोलो, मैं दूसरा देख लेती."

गृहस्थांनी चष्मा काढला. थोडा वेळ ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मग काउंटरच्या मागून बाहेर आले.

"नहीं कैसा चलता? कमरा तो उनोंच लिए हैं, मैडम. अमरीका से फोन करे थे मेरेकु."

मला काही समजेना. मी म्हणाले, बुकिंग मी केलं होतं.

"हौ, आप करे. पर बाद में साब का फोन आया. बालकनी वाला कमरा होना बोले, पीछे की गल्ली के बाजू. मैं बोला साब, पीछे क्या है, आगे का लेलो, रोड दिखता, रौनक दिखती. नक्को बोले. पीछेच मेरा घर था बोले."

मग ते माझ्याकडे न बघता चष्मा सदऱ्याला पुसत राहिले.

"साब मेरेकु मना करे थे. पर अब वो नहीं रहे तो बोलना पड़ता. घर बिक गया मियाँ, बोले. बेटी बेच दी. मेरेकु बोलने को उसकु मुश्किल हो रा. तुम उसके सामने बात नक्को निकालो, शर्मिंदा होती. मैं बस खड़ा रैके एक बार देख लेतूं, बोले."

मी विचारलं, हा फोन कधीचा?

त्यांनी रजिस्टरची पानं मागे उलटली. बुकिंगच्या समोर पेन्सिलने उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं, त्याखाली तारीख. ऑगस्टमधली.

म्हणजे विसरले नव्हते. जामाचं विचारणं त्यांनी थांबवलं होतं, कारण मला रोज सकाळी खोटं बोलावं लागत होतं. किल्ली मी टाकली नव्हती माझ्या खणात. त्यांनीच ठेवली होती, जिची वस्तू तिच्याकडे देऊन टाकावी तशी. कुणी सांगितलं त्यांना, कसं कळलं, हे मला आजही माहीत नाही. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. माझ्या हातचा चहा पीत ते समोर बसत होते, सगळं माहीत असून, आणि मला सांभाळून घेत होते. मला तिथेच जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. राग आला होता तर त्यांनी बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी ओरडले असते.

गृहस्थ स्वतः वर आले. दार उघडून दिलं, खोलीत पाऊल न टाकता म्हणाले, "सीधा बालकनी में ले जाओ. वो तो बाहरच हुआ ना." आमची रीत त्यांना कुणी सांगितली होती, की बाबांनीच कधी कुणापाशी बोलता बोलता सांगितली, की या गावात शेजाऱ्याची रीत अशीच माहीत असते, मी विचारलं नाही. ते खाली गेले.

खोलीत दोन पलंग होते, दोन पंचे, दोन ग्लास पालथे घातलेले. मी कशालाही हात न लावता बाल्कनीत गेले.

खाली आमची गल्ली. शेजारच्या बाईंचं घर तसंच होतं. त्याच्या अलीकडे, जिथे आम्ही राहत होतो तिथे, हिरवं कापड लावलेला खड्डा होता आणि त्यातून सळया वर आल्या होत्या. पेरूच्या जागी वाळूचा ढीग. पण शेजारच्या बाईंची भिंत आणि आमची भिंत एकच होती, आणि घर पाडताना तिच्यावरचा आमच्या स्वयंपाकघराचा रंग तेवढा राहून गेला होता. पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. आईने निवडलेला, बाबांनी दोन दिवस सुट्टी काढून स्वतः लावलेला. मध्ये फळीची काळपट रेघ दिसत होती, तिच्यावर आईचे डबे असायचे. उन्हं उतरली होती आणि तो तुकडा उघड्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल असा उभा होता.

घरातल्या सगळ्या बॅगांना बाबा आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचे, पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून. माझ्या बॅगेची ती चिंधी मी सोडली आणि पिशवी कठड्याला बांधली. दोन गाठी मारल्या. गल्लीकडची बाजू मोकळी राहील अशी. शाल पेटीच्या तोंडावरून मागे केली.

मग म्हणाले, "बाबा, घर विकलं मी. तुम्हाला न विचारता."

एवढंच बोलायचं होतं. दीड वर्षात एकदाही जमलं नव्हतं.

दारावर टकटक झाली, कुणीतरी चहा ठेवून गेलं असावं, ट्रेचा आवाज आला. मी मागे वळून बघितलं नाही. खाली दिवे लागायला लागले तसा तो पिस्ता रंग करडा व्हायला लागला. बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या. चोवीस तासांच्या प्रवासाने माझे गुडघे भरून आले होते, पण तो रंग दिसेनासा होईपर्यंत मी पिशवीशेजारी उभी राहिले.